कोपऱ्यातल्या खोलीकडे जाणारी पुस्तकगाडी

मित्रांनो, मी एक जुनी ट्रॉली आहे. लोखंडी नळ्यांची, तीन फळ्यांची, चार चाकांची. माझा हिरवा रंग जागोजागी उडाला आहे आणि पायांकडून गंज वर सरकतो आहे. छातीच्या आजारांच्या एका रुग्णालयात मी रुग्णांसाठी पुस्तके वाहते. तुम्ही म्हणाल, ढकलले की चालायचे आणि सोडले की थांबायचे, एवढ्याशा जिण्यात सांगण्यासारखे काय असणार? पण दारोदार थांबणाऱ्याला पुष्कळ दिसते. त्यातून माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी.

तो मला माझ्या घडवणाऱ्याकडून मिळाला. पत्र्याच्या शेडमध्ये एका वेल्डरने मला जोडले. हा गृहस्थ स्वतःच्या हातावरही विश्वास ठेवत नसे. जोड थंड झाला की तो हातोडीने ठोके, कान लावून ऐके, तोंड वाकडे करी आणि पुन्हा ठोके. "दिसायला चांगली दिसतेस," तो मला म्हणाला होता, "पण दिसण्यावर कोण जातंय?" माझ्या हँडलची नळी दोन्ही टोकांना उघडी राहिली. तिच्या तोंडांवर त्याने काळी रबरी बुचे बसवली आणि मला टेम्पोत चढवले.

सुरुवातीची वर्षे मी चादरी वाहिल्या. धुतलेल्या वर, मळलेल्या खाली. धुलाईखात्यातल्या बायका मला मिळवण्यासाठी भांडत, कारण माझी चाके हलकी होती आणि वळणावर मी हट्ट करत नसे. "हिला नुसतं बोट लावलं तरी पुरे," त्या म्हणत. कौतुक कुणाला आवडत नाही? पण मग चकचकीत स्टीलच्या नव्या ट्रॉल्या आल्या. मला जिन्याखालच्या खोलीत ढकलले गेले आणि बाहेरून कडी बसली. आत पाठ तुटलेली खुर्ची होती, सलाइनचे वाकलेले स्टँड होते आणि कोळ्यांची भरली घरे होती. दाराबाहेर पावले वाजत. मला वाटे, आपल्यासाठीच येत असतील. ती कधीच माझ्यासाठी नसत. मग मी वाट पाहणे सोडले.

मला तिथून बाहेर काढले ते मावशींनी. मावशींनी सगळे आयुष्य एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवले होते. छापायला जाणाऱ्या प्रत्येक शब्दाकडे त्या चोराकडे बघावे तशा बघत आल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी रुग्णालयात पुस्तके वाटायची परवानगी मागितली. मोठ्या डॉक्टरांनी कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "घरी बसून नवऱ्याच्या चुका काढायला लागले होते. त्यानेच हात जोडून मला इथे पाठवलंय."

त्यांनी मला घासले, हिरवा रंग दिला आणि माझ्यावर पुस्तके लावली. तिथल्या सिस्टरना मात्र मी आले ते मुळीच आवडले नाही. आम्हाला नेमून दिलेल्या खोल्यांच्या ओळीत टीबीचे असे रुग्ण होते, ज्यांच्यावर नेहमीच्या गोळ्या चालत नव्हत्या. लांब व्हरांडा, त्याला लागून एकेकट्या खोल्या, प्रत्येक दाराला वरच्या बाजूला काच. येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर मास्क. महिनोन् महिने तिथे राहायचे, काहींनी इंजेक्शने घ्यायची आणि ओंजळभर गोळ्या रोज सिस्टरच्या समोर गिळायच्या. "हा आजार हवेतून पसरतो, पुस्तकातून नाही," असे डॉक्टरांनी सांगितले, तरी सिस्टरच्या कपाळावरची आठी गेली नाही. परत आलेले प्रत्येक पुस्तक त्या व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात उघडे ठेवायला लावत आणि मी जवळून गेले की माझ्याकडे अशा बघत, जणू मीच खोकते आहे.

कोपऱ्यातल्या खोलीत एक क्रेनवाला होता. उंच इमारती बांधताना वर जी लांब हाताची क्रेन फिरते, ती तो चालवायचा. सकाळी शिडीने वर चढायचे, काचेच्या खोक्यात एकट्याने बसायचे आणि संध्याकाळी उतरायचे, असे त्याचे काम. त्याला अंतराळातल्या साहसकथांचे वेड होते. मी पहिल्यांदा त्याच्या दारात थांबले, तेव्हा त्याने मास्क नाकावर चढवत विचारले, "मावशी, अंतराळातलं काही आहे? पण जोरदार पाहिजे हां. जहाजं, लढाया, पाठलाग."

"अशी किती वाचली आहेस?"

"हाताला लागली तेवढी सगळी."

"आणि अजून पोट भरलं नाही?"

"भरतं. पण लगेच भूक लागते."

मावशी मास्कमागे हसल्या. "मग तू लढायांचा भुकेला नाहीस. तुला तगून राहण्याच्या गोष्टी द्यायला हव्यात." त्यांनी मधल्या फळीवरून एक जाड कादंबरी काढली. एका मालवाहू अंतराळजहाजाला आग लागते, बाकीचे सगळे निसटतात आणि जहाजावरचा स्वयंपाकी एकटाच मागे राहतो, अशी ती गोष्ट होती. त्याला जहाज चालवता येत नाही. तो भिंतींवर साचलेला बर्फ खरवडून पाणी करतो आणि वायरलेसवरून जमिनीवरच्या केंद्राशी बोलत राहतो.

क्रेनवाल्याने पुस्तक हातात घेतले नाही. "मी आजारी आहे म्हणून हे देताय का? धीर बिर यावा म्हणून?"

"छे. धीर द्यायला मी काय डॉक्टर आहे? काचेच्या खोक्यात एकट्याने बसायचं काम तू केलंयस. या लेखकाने केलेलं नसणार. तो खरं लिहितोय की थापा मारतोय, ते मला सांग."

ही युक्ती लागू पडली. पुढच्या फेरीला तो दारातच उभा होता. "थापा मारत नाही," तो म्हणाला, "पण एकटा माणूस स्वतःशी इतकं शहाण्यासारखं बोलत नाही. आम्ही वर शिव्या देतो." मग त्याने असेच आणखी मागितले आणि मावशी आणू लागल्या. एका कादंबरीत, तारेला धरून चंद्राच्या अंधाऱ्या बाजूने चालत येणारी सर्वेक्षक होती. दुसरीत, अंतराळतळावरच्या अडकलेल्या लिफ्टमध्ये दोन मेकॅनिक आणि हवेचा एकच मास्क. निवड कशी करायची हेही मावशी त्याला सांगत. "माणूस काय खातो, कुठे झोपतो आणि किती वेळा चुकतो ते बघायचं. एकदाही चुकला नाही, तर पुस्तक मिटायचं. आणि शेवटी बाहेरून कुणीतरी अचानक येऊन सोडवत असेल, तर लेखक दमला होता असं समजायचं."

शेजारच्या खोलीत टेलरकाका होते. नाजूक बांध्याचे, हळू बोलणारे. ते आधी फक्त घरगुती कादंबऱ्या वाचत. पण क्रेनवाला व्हरांड्यात उभा राहून मोठमोठ्याने त्या स्वयंपाक्याच्या गोष्टी सांगू लागला, तेव्हा त्यांनीही ती कादंबरी मागून घेतली. मग दोघांचे दारादारातून वाद सुरू झाले.

"अरे क्रेनवाल्या, त्याचा पोशाख कोपरावर फाटला असं लिहिलंय. मग शिवला कशाने?"

"काका, चिकटवला असेल."

"चिकटवलेलं कापड वाकल्यावर सुटतं. या लेखकाने जन्मात बटण लावलेलं दिसत नाही!"

याच काकांनी एकदा क्रेनवाल्याच्या शर्टाची फाटलेली कॉलर शिवून दिली होती. टीप इतकी बारीक, की डोळ्यांसमोर धरूनही दिसू नये.

आता मी तुम्हाला त्या सकाळची गोष्ट सांगते, जेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. मी काकांच्या दारात उभी होते. मावशी खालच्या फळीवरचे पुस्तक काढायला वाकल्या होत्या. काकांनी माझे हँडल धरले. अंगठ्याने त्यांनी रबरी बूच उचकटले, नळीत काहीतरी टाकले आणि बूच पुन्हा दाबून बसवले. तोवर मावशी उठून उभ्या राहिल्या होत्या आणि काका पुस्तकाचे मलपृष्ठ वाचत होते.

मला वाटले, बटण असेल. पण दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला तेच. माणूस बटणे कशाला लपवील? आणि माझ्यात का? मी चालू लागले की माझ्या पोटात खुळखुळ होई. मावशींनाही ते ऐकू आले. त्यांनी देखभालीच्या फिटरला बोलावले. त्याने माझी चाके फिरवून पाहिली, सगळ्यांना तेल दिले आणि म्हणाला, "जुनं लोखंड आहे, मावशी. कुरकुरणारच." काका दारातून हे सगळे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा मास्क तेवढा हलत होता.

त्यानंतर माझ्यात पडणाऱ्या वस्तूंचा आवाज येईनासा झाला. काका आता त्या वस्तू कापडाच्या तुकड्यांत शिवून टाकत होते. "बघा, तेलाने काम झालं," मावशी फिटरला म्हणाल्या. फिटर खूश झाला. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण मित्रांनो, वस्तूला फक्त वाजता येते, आणि काकांनी माझे तेवढे वाजणेही बंद केले होते.

त्याच दिवसांत काका मावशींना म्हणाले होते, "सुईत दोरा जात नाही हल्ली." मावशींना वाटले, नजर अधू झाली असेल. त्यांनी मोठ्या अक्षरांची पुस्तके आणून दिली. काकांनी ती मुकाट्याने घेतली.

हळूहळू काकांचा खोकला वाढला. व्हरांड्यातले वाद कमी झाले. मग एका सकाळी मी ओळीत शिरले, तेव्हा काकांच्या खोलीचे दार सताड उघडे होते. गादी उन्हात टाकली होती आणि सफाईवाली फरशीवर पाणी ओतत होती.

"काका कुठे गेले?" क्रेनवाल्याने दारातून विचारले.

"घरी गेले," सिस्टर म्हणाल्या आणि हातातल्या ट्रेकडे बघू लागल्या.

"घरी? काल तर त्यांना उठून बसता येत नव्हतं."

"घरच्यांनी नेलं."

क्रेनवाल्याचे डोळे व्हरांडाभर फिरले. कठड्यावर काकांचे पुस्तक उन्हात ठेवले होते. ती चंद्रावरच्या त्या सर्वेक्षक बाईची गोष्ट होती. खूण म्हणून काकांनी निळा दोरा घातला होता आणि तो दोरा पुस्तकाच्या मधोमध होता. मी जवळ थांबताच क्रेनवाला मावशींना हळूच म्हणाला, "मावशी, ती बाई तारेच्या टोकाला पोचते की नाही, हे कळल्याशिवाय काका घरी जातील? आणि माझ्या दारावर टकटक न करता?"

मावशींना सिस्टरनी सकाळीच बाजूला घेऊन काहीतरी सांगितले होते. मी ते पाहिले होते. मावशींच्या बोटांनी माझे हँडल घट्ट धरले.

"गेले रे बाबा," एवढेच त्या म्हणाल्या.

"गेले म्हणजे कुठे?"

मावशींनी एक पुस्तक सरळ केले. ते आधीच सरळ होते.

त्या दिवसापासून क्रेनवाला बदलला. त्याला सगळीकडे लपवाछपवी दिसू लागली. पिवळी गोळी जाऊन पांढरी का आली? थुंकीचा रिपोर्ट दोन वेळा का नेला? डॉक्टर काचेपलीकडे उभे राहून आपसात काय बोलतात? वाचलेल्या कादंबऱ्याही त्याला आता निराळ्याच दिसू लागल्या. त्याने स्वयंपाक्याची गोष्ट पुन्हा मागून घेतली आणि मावशींना त्यातले एक पान दाखवले. "हे बघा. जमिनीवरच्यांना माहीत असतं की याला आणायला जहाज निघालेलंच नाही. तरी रोज सांगतात, निघालंय, निघालंय. का, तर त्याने हातपाय गाळू नयेत म्हणून!" मावशींनी ते पान वाचले. मुद्रिते तपासताना बघत तसे बघितले. पण त्यांना त्यात चूक सापडली नाही.

आणि मग त्याने गोळ्या घ्यायचे बंद केले. सिस्टर ट्रे घेऊन आल्या की तो तोंड घट्ट मिटून बसे. "आधी काका कुठे आहेत ते सांगा." सिस्टरनी समजावले, रागावून पाहिले. डॉक्टर येऊन सांगून गेले, "मध्येच सोडलंस तर आजार उलटेल आणि मग आमच्या हातातही काही राहणार नाही." तो म्हणाला, "काकांच्या वेळी तरी तुमच्या हातात काय होतं?"

त्याची थोरली बहीण दर आठवड्याला यायची. ती पुढच्या खेपेला आली, तेव्हा तिला व्हरांड्याच्या टोकाशी थांबवून डॉक्टरांनी बराच वेळ काही सांगितले. मग ती खिडकीशी आली.

"अरे, गोळ्या घे रे राजा. माझ्यासाठी घे."

"ताई, तुला यांनी काय सांगितलंय?"

"काही नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

ताईने आधी पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, मग डाव्यातून उजव्यात. तिने वर बघितले नाही. क्रेनवाल्याला जे हवे होते ते त्याला तेवढ्यातच मिळाले. त्याने खिडकी लावून घेतली.

पुढच्या फेरीला त्याने मावशींकडे एक विचित्र मागणी केली. "मला असं पुस्तक द्या, ज्यात अंतराळात अडकलेल्या माणसाशी जमिनीवरचे लोक खोटं बोलत नाहीत."

"असेल की," मावशी म्हणाल्या.

"मग आणा. ते वाचलं की गोळ्या घेतो."

मावशींनी घरचे कपाट उपसले असावे. कारण त्या पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. माझी वरची फळी त्यांनी रिकामीच ठेवली होती. कोपऱ्यातल्या खोलीशी आम्ही थांबलो. तो वाटच बघत होता. अंग सुकले होते, गालांची हाडे वर आली होती.

"आणलंत?"

"नाही सापडलं."

"एकही नाही?"

"एकही नाही. माझ्याजवळची सगळी चाळली. सगळ्यांत जमिनीवरचे काही ना काही लपवतात. त्याच्या भल्यासाठी म्हणून."

"आणि तुम्ही, मावशी? तुम्ही पण माझं भलंच करताय?"

मावशींनी माझ्या रिकाम्या फळीवरून हात फिरवला. मास्कचे कापड आत ओढले गेले आणि बाहेर आले. क्रेनवाल्याच्या अंगात कुठून बळ आले कोण जाणे. त्याने दोन्ही हातांनी मला ढकलले. "न्या तुमची गाडी! नको मला तुमची पुस्तकं!"

माझे पुढचे चाक उंबऱ्याच्या कडेवरून घसरले. मी आडवी झाले. पुस्तके व्हरांडाभर पसरली. हँडल पायरीवर आपटले, काळे बूच उडून गेले आणि माझ्या नळीतून पांढऱ्या, पिवळ्या, विटकरी गोळ्या टपटप बाहेर पडल्या. काही नुसत्याच, रंग विटलेल्या. त्यांच्यामागून कापडाच्या छोट्या छोट्या पुरचुंड्या.

क्रेनवाला गुडघ्यांवर बसला. त्याने एक गोळी उचलली आणि ओळखली. तो रोज घ्यायचा तीच ती. मग त्याने मावशींकडे ज्या नजरेने बघितले, ती मी कधी विसरणार नाही.

"या तुमच्या गाडीत कशा? तुम्ही आमच्या गोळ्या बदलता?"

आवाज ऐकून सिस्टर धावत आल्या होत्या. त्यांनीही मावशींकडेच बघितले. मग माझ्याकडे. "मला पहिल्या दिवसापासून शंका होतीच," त्या म्हणाल्या. "मावशी, हे काय आहे?"

"मला माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "शपथेवर सांगते, मला माहीत नाही."

कुणाचाही त्यांच्यावर विश्वास बसला नाही. माझा होता, पण माझे कोण ऐकतो?

क्रेनवाल्याने एक पुरचुंडी उचलली आणि उसवण्यासाठी नखाने टीप शोधू लागला. टीप सापडेना. त्याने ती डोळ्यांसमोर धरली. मग उजेडाकडे धरली. मग त्याचा हात आपल्या शर्टाच्या कॉलरकडे गेला.

"ही काकांची शिवण आहे," तो म्हणाला.

त्याने दुसरी पुरचुंडी उचलली, तिसरी उचलली. तो त्या एकीपुढे एक फरशीवर मांडू लागला. पहिल्या काहींची शिवण मुंगीच्या पायांसारखी बारीक होती. पुढच्यांची जरा मोठी. मग टाके वाकडे होत गेले. शेवटच्या पुरचुंड्यांवर तर टाके असे होते, जसे शाळेतल्या पोराने पहिल्यांदा सुई धरून घातले असावेत. एकीवर रक्ताचा वाळलेला ठिपका होता.

"सुईत दोरा जात नाही म्हणाले होते," मावशी पुटपुटल्या. "मी डोळ्यांचं समजले. मी मोठ्या अक्षरांची पुस्तकं दिली."

सिस्टर सावकाश खाली बसल्या, त्या फरशीवर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. "माझ्यासमोर तोंड उघडून दाखवायचे," त्या म्हणाल्या. "रोज. जीभ वर करून. मी बघत होते ना! कुठे ठेवत होते ते?" मग त्यांनी क्रेनवाल्याकडे बघितले. "काका घरी गेले नाहीत. त्या रात्री पलीकडच्या इमारतीत हलवलं होतं. पहाटेच वारले. तुम्ही सगळे घाबराल, म्हणून सांगायचं नाही असं ठरलं. मीच सुचवलं होतं."

क्रेनवाला रडला. मोठ्याने, हातांनी चेहरा न लपवता, मास्क भिजेपर्यंत. सिस्टरनी त्याला उठवले नाही. मावशीही त्याच्या शेजारी बसल्या आणि विखुरलेली पुस्तके तशीच राहिली.

डॉक्टर आले, तेव्हा त्यांनी पुरचुंड्या बराच वेळ पाहिल्या. "या औषधांनी कधी कधी बोटं बधिर होतात," ते म्हणाले. "त्यांनी सांगितलं असतं, तर डोस बदलता आला असता. दुसरी गोळी देता आली असती. बोलले का नाहीत?"

"टेलरला बोटं बधिर झाली म्हणून सांगायचं म्हणजे दुकान बंद झालं म्हणून सांगायचं," क्रेनवाला म्हणाला. मग तो थांबला. त्याने एकदा मावशींकडे आणि एकदा जमिनीवरच्या गोळ्यांकडे बघितले. "डॉक्टर, माझ्या कानात शिट्टी वाजते. इंजेक्शनं सुरू झाली तेव्हापासून. मी कुणाला सांगितलं नाही. कान गेले तर मला क्रेनवर चढू देणार नाहीत."

"आत्ता वाजते आहे?"

"आत्ताही."

"किती मोठी?"

"तुमचं बोलणं तिच्या आतून येतंय."

डॉक्टर त्याच्यासमोर बसले. "इंजेक्शन आजपासून बंद. पण गेलेलं ऐकू येणं परत येईल असं मी सांगत नाही. बहुतेक येणार नाही. उरलेलं वाचवू."

क्रेनवाल्याने डोके हलवले. "बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला, आणि सिस्टरपुढे हात केला. सिस्टरनी ट्रे आणला. त्याने एकेक गोळी घेतली, पाणी प्यायला आणि कुणी न सांगता तोंड उघडून जीभ वर केली. सिस्टरनी मान दुसरीकडे वळवली. मग पुन्हा वळून नीट बघितले. बघायलाच हवे होते.

त्यानंतर पुष्कळ ऋतू गेले. फिटरने माझ्या नळ्यांची तोंडे लोखंडाने बंद केली. सिस्टर तरीही सकाळी माझ्या हँडलवर बोटाच्या पेराने ठोकून जातात. मला राग येत नाही. मावशींनी मात्र आपली रीत बदलली. आता त्या पुस्तक देण्याआधी विचारतात, "हात कसे आहेत? कान? पाय? रात्री काय दुखतं?" आणि उत्तर मिळाले की सरळ डॉक्टरांना जाऊन सांगतात. कुणी "काही नाही" म्हणाले, तर तिथेच उभ्या राहतात. त्यांना आता गुडघ्यांनी दगा दिला आहे, फेऱ्या कमी झाल्या आहेत. मधूनमधून मी दिवसचे दिवस व्हरांड्याच्या टोकाला उभी असते आणि माझ्या पुस्तकांवर धूळ बसते. नवीन इमारत होणार म्हणतात. तिथे मला नेतील की जिन्याखाली टाकतील, कोण जाणे.

पण एवढ्यात एक गोष्ट घडली, ती सांगून मी थांबते. टेलरकाकांच्या खोलीत आता एक बस कंडक्टर आहे. महासंशयी. सुट्टे पैसे मोजावेत तशा गोळ्या मोजून घेतो, आणि मावशींनी दिलेले एकही पुस्तक त्याने घेतलेले नाही. परवा क्रेनवाला तपासणीसाठी आला होता. अंगाने भरला आहे. त्याला क्रेनवर चढायची परवानगी मिळाली नाही. आता तो खाली उभा राहून वरच्या माणसाला हातांनी खुणा करतो. तपासणी झाल्यावर त्यानेच मला ढकलत कंडक्टरच्या दारात आणले आणि स्वयंपाक्याची जाड कादंबरी पुढे केली.

कंडक्टरने त्याला खालीवर न्याहाळले. "तुम्ही खरंच बरे झालात, की बरे झालो असं सांगायला यांनी पाठवलंय?"

"चिमण्यांचा आवाज गेला माझा," क्रेनवाला म्हणाला. "त्या झाडावर आत्ता ओरडत असतील, मला ऐकू येत नाही. बाकी बरा झालो."

कंडक्टरने झाडाकडे बघितले. चिमण्या खरोखरच ओरडत होत्या. तो काही वेळ त्या ऐकत राहिला. मग त्याने हात पुढे केला आणि पुस्तक घेतले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना फडक्याने पुसा, तेल द्या, कोपऱ्यात सडू देऊ नका. आणि जो आजारी असेल, त्याच्या दारात पुस्तक घेऊन जाल, तेव्हा घाईने परत फिरू नका. तो काय सांगतो आहे ते ऐका. आणि त्याने काही विचारले, तर त्याच्याकडे बघून उत्तर द्या.